आधी काय आले : औषध की थरथर?

इंदूरहून एका भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश येथे देत आहे.

त्यांची मुलगी एकवीस वर्षांची आहे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात असताना ती चिडचिडी झाली, रात्र-रात्र जागू लागली, शेजारच्या बायका आपल्याविषयीच बोलतात असे म्हणू लागली आणि जिवाभावाच्या मैत्रिणींशी तिने बोलणे सोडले. गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्यानंतर शहरातील एका मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार सुरू झाले. संशय आणि जागरण बरेच कमी झाले. मात्र तिचे हात थरथरतात, तोंडात घास असताना बोलावे तसे तिचे बोलणे जड येते आणि सकाळी उशी लाळेने ओली असते. हा गोळ्यांचा दुष्परिणाम आहे असे सांगून डॉक्टरांनी दोनदा औषध बदलले, तरी फरक पडला नाही. तिचा हात फार सुरेख होता, हे सांगताना त्या ओघात लिहितात की पाडव्याच्या आदल्या दिवाळीत तिच्या रांगोळीच्या रेघा इतक्या वाकड्या आल्या की घरातले सगळे हसले आणि ती रांगोळी अर्धी टाकून उठून गेली. अकराव्या वर्षी तिला कावीळ झाली होती. ती एका जाणत्याकडून उतरवून घेतली आणि विषय संपला. भगिनींचे यजमान हे त्यांचे सख्खे आतेभाऊ आहेत. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या भाच्याने महिन्यापूर्वी त्यांना सांगितले की शरीरात तांबे साठत जाण्याचा एक आनुवंशिक आजार असतो आणि तो कधी कधी वेडासारखा दिसतो. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात दुसरे काही नाही. सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात असे कधी कोणाला नव्हते. यजमान म्हणतात, मुलीचे दुखणे तुला मान्यच करायचे नाही. भगिनी विचारतात : गोळ्या बंद करून तिला मुंबईला न्यावे का, की मी खोट्या आशेमागे धावते आहे? पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘निदान शरीराचा आजार निघाला तर चार लोकांत सांगता तरी येईल. तिच्या लग्नाचेही पाहायचे आहे. तिला यातले काही सांगितलेले नाही.’

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात, आणि ती म्हणजे रांगोळी. गोळ्या पाडव्यानंतर सुरू झाल्या आणि रांगोळी त्याआधीच्या दिवाळीतली आहे; म्हणजे मधे निदान पाच महिने गेले. हाताची थरथर खरोखरच तेव्हापासूनची असेल, तर तिचा दोष गोळ्यांवर टाकता येत नाही. अर्थात, कित्येक रात्री न झोपलेल्या मुलीचा हातही वाकडा चालू शकतो आणि मी तिला तपासलेले नाही, तेव्हा एका रांगोळीवरून निदान करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण ही गोष्ट तुम्ही डॉक्टरांना कधी सांगितली आहे का, हे पत्रावरून कळत नाही, आणि माझा अंदाज आहे की सांगितलेली नाही. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टर झोप आणि संशय यांबद्दल विचारतात, आपण त्याची उत्तरे देतो. दिवाळीतल्या रांगोळीचे कोण काढणार? मानसोपचारातील बऱ्याच औषधांनी हात थरथरणे, अंग ताठरणे, लाळ गळणे हे इतके सर्रास होते की त्या तज्ज्ञांनी काढलेला अर्थ त्यांच्यापुढे आलेल्या माहितीवरून योग्यच होता. त्यांच्यापुढे माहिती अपुरी आली आणि ती पुरी करणे तुमच्या हातात आहे.

म्हणून पहिले काम प्रवासाचे नाही, कागदाचे आहे. एका वहीत तारखांसह क्रम लावा. मोबाईलमध्ये लग्नकार्यांचे, गणपतीचे, वाढदिवसांचे व्हिडिओ असतील. गोळ्या सुरू होण्याच्या आधीच्या वर्षभरातले शोधून तिचे बोलणे कान देऊन ऐका. कॉलेजच्या वह्या काढा आणि पहिल्या वर्षाचे अक्षर दुसऱ्या वर्षाच्या अक्षराशेजारी ठेवा. अक्षर बारीक, दाटीवाटीचे, ओळ सोडून खाली-वर जाणारे झाले आहे का? चहाचा कप बशीवर ठेवताना आवाज कधीपासून होऊ लागला, चालताना तोल कधी गेला, पाळी अनियमित झाली का, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त कधी आले का, हे सर्व लिहा. काविळीचे वर्ष आणि तेव्हा रक्त तपासले असल्यास तो जुना कागद, पिवळा पडलेला असला तरी, सोबत ठेवा. या वहीची पाच पाने डॉक्टरांना जेवढे सांगतील, तेवढे ‘मला वाटते तिला दुसरेच काहीतरी आहे’ हे वाक्य दहा वेळा उच्चारून सांगता येणार नाही.

आता तुमच्या भाच्याने सांगितलेल्या आजाराविषयी. त्याला विल्सनचा आजार म्हणतात. सॅम्युअल किनियर विल्सन या लंडनमधील मेंदूविकारतज्ज्ञांनी १९१२ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. आपण खातो त्या अन्नातून तांबे शरीरात जातेच, थोडे लागतेही. जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. हे काम ज्या जनुकावर अवलंबून आहे, त्या एटीपी७बी नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या की तांबे बाहेर पडत नाही. ते आधी यकृतात साठते, मग रक्तावाटे मेंदूत, विशेषतः हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या खोलवरच्या भागांत, जाऊन बसते. म्हणूनच कोणाला लहानपणी कावीळ होते, कोणाचा हात विशीत थरथरू लागतो, बोलणे जड होते, लाळ गळते. आणि कोणामध्ये यांतले काही ठळक दिसण्याआधी स्वभाव बदलतो, अभ्यास घसरतो, उदासी, भडकपणा किंवा संशय येतो. शेवटच्या प्रकारचा रुग्ण साहजिकच मानसोपचारतज्ज्ञांकडे पोचतो. तिथे मिळणाऱ्या काही औषधांनी, विशेषतः जुन्या पिढीतल्या, या रुग्णांचे अंग इतरांपेक्षा अधिक ताठरते, आणि मग मूळ आजार व औषध यांची चिन्हे एकमेकांत मिसळून जातात. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेने तीन दशकांत पाहिलेल्या विल्सनच्या २८२ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या देशात हा आजार नाही, असे त्यामुळे कोणालाच म्हणता येणार नाही.

तरीही तो विरळा आहे. साधारण तीस हजारांत एक, असे प्रमाण सांगितले जाते. तुम्ही हा आकडा यजमानांना सांगितला तर ते म्हणतील, मग आपल्याच घरी कसा येईल? हा प्रश्न चुकीचा नाही. पण तो आकडा सरसकट लोकसंख्येचा आहे. विशीतली मुलगी, मानसिक बदल, त्यासोबत हालचालींचा आणि बोलण्याचा दोष, लहानपणची कावीळ आणि नात्यात लग्न झालेले आईवडील, एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की तीस हजारांचा हिशेब बाजूला राहतो. उलट यांतले काहीच नसताना, केवळ मुलाचा संशयी स्वभाव पाहून विरळ्या आजारांच्या तपासण्या करत फिरणाऱ्या आईला मी वेगळा सल्ला दिला असता.

सासूबाईंचे म्हणणे मात्र मला मोडून काढावेच लागेल. त्या तुमच्या आत्या आहेत. म्हणजे ज्या घराण्याची त्या ग्वाही देतात, तेच तुमचे माहेर आहे आणि तेच त्यांचेही. आमच्या घराण्यात कोणाला नव्हते, हे वाक्य या प्रकारच्या आजारात निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला माणूस ठणठणीत असतो. त्याला आयुष्यभर पत्ता लागत नाही आणि तो ती प्रत पुढे देतो. असे वाहक साधारण नव्वदांत एक असतात, म्हणजे लग्नाच्या एका पंगतीत दोन-तीन सापडावेत. एकाच आजी-आजोबांकडून आलेली तीच प्रत तुमच्याकडेही असू शकते आणि यजमानांकडेही. मामाची मुलगी करण्याची आपली रीत शतकानुशतके चालत आली आहे, तिच्यात प्रेम आणि सोय दोन्ही आहेत, आणि अशी बहुसंख्य जोडपी निरोगी मुलांना जन्म देतात. तेव्हा झाल्या लग्नाबद्दल कोणी कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही. कोणाच्या रक्तात दोष, असा वाद घरात सुरू झाला तर तो तुम्ही तिथेच थांबवा, कारण दोघेही वाहक असल्याशिवाय हा आजार होतच नाही.

तपासण्यांचे म्हणाल, तर पहिल्या पायरीसाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे स्लिट लॅम्प नावाचे यंत्र असते. विल्सनच्या आजारात बुबुळाच्या काठाशी, डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात, तांब्याची हिरवट-तपकिरी कड जमते. कायझर आणि फ्लायशर या दोन जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १९०२ आणि १९०३ मध्ये तिचे वर्णन केले म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडच्या काळ्याभोर बुबुळांत ती बॅटरीच्या उजेडात सहसा दिसत नाही, तेव्हा घरी पाहून ‘नाही’ असे ठरवू नका. हातापायांची किंवा बोलण्याची लक्षणे याच आजारामुळे असतील, तर ही कड जवळजवळ नेहमी सापडते. न सापडल्यास शंका बरीच कमी होते, पूर्ण जात नाही. दुसरी तपासणी रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाची. त्याचे प्रमाण साधारणपणे दर डेसिलिटरला २० ते ४० मिलिग्रॅम असते. १० च्या खाली गेले तर संशय बळावतो. मात्र शरीरात कुठे सूज किंवा संसर्ग असेल, किंवा ती पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या घेत असेल, तर आकडा फुगून फसवा येतो, हे तपासणी लिहून देणाऱ्यांना आधी सांगा. तिसरी म्हणजे चोवीस तासांच्या लघवीतील तांबे; शंभर मायक्रोग्रॅमच्या वर गेले तर ते या आजाराकडे बोट दाखवते. सोबत यकृताचे रक्त अहवाल आणि पोटाची सोनोग्राफी. यापुढची मेंदूची एमआरआय किंवा जनुकाची तपासणी या पहिल्या अहवालांवर ठरते, आणि ती ठरवणे मेंदूविकारतज्ज्ञांचे काम आहे. तुमच्या शहरातील एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मानसोपचार आणि नेत्र असे दोन्ही विभाग आहेत. खाजगीकडे जाणे जड वाटत असेल तर सुरुवात तिथून करता येते.

मानसोपचारतज्ज्ञांना हे कसे सांगावे, याची तुम्हाला धास्ती वाटत असणार. भाचा म्हणतो, इंटरनेटवर वाचले, अशी सुरुवात करू नका. वही पुढे ठेवून इतकेच म्हणा : ‘डॉक्टरसाहेब, हाताची थरथर गोळ्यांच्या आधीपासून असावी असे आम्हाला आता वाटते. अकराव्या वर्षी कावीळ झाली होती आणि आम्हा दोघांचे लग्न नात्यातले आहे. विल्सनसाठी तपासून घ्यावे का?’ मानसोपचार शिकलेल्या प्रत्येक डॉक्टरला हे नाव परीक्षेसाठी पाठ करावे लागलेले असते, आणि हे तीन धागे एकत्र ऐकल्यावर बहुतेक जण स्वतःच चिठ्ठी लिहून देतील. चिडले, तर मेंदूविकारतज्ज्ञांचे दुसरे मत घ्या. आधीच्या उपचारांचे कागद मागण्यास संकोच करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला आपल्या नोंदी मिळण्याचा हक्क दिलेला आहे.

गोळ्या बंद करण्याचा विचार मात्र मनातून काढून टाका. त्या गोळ्यांनी तिची झोप परत आणली, संशय कमी केला, हे तुम्हीच लिहिले आहे. तांब्याचा आजार निघाला म्हणून ते काम खोटे ठरत नाही. गोळ्या एकदम थांबवल्या तर काही दिवसांत जागरण आणि भीती उसळून येऊ शकते, आणि त्या गोंधळात तपासणीसाठी तिला घराबाहेर काढणेही कठीण होईल. विल्सनचे निदान झाले तरी मानसिक लक्षणे निवळायला कित्येक महिने जातात, कोणाकोणात काही उरतात, आणि त्या काळात मानसोपचार चालू ठेवावे लागतात. फक्त औषध आणि मात्रा निवडताना अधिक जपावे लागते. याचाच अर्थ, आज ज्या डॉक्टरांना सोडून जाण्याच्या तयारीत तुम्ही आहात, ते तुम्हाला उद्याही लागणार आहेत.

आता ज्या वाक्यापाशी मी सर्वांत जास्त रेंगाळलो, त्याकडे येतो. शरीराचा आजार निघाला तर चार लोकांत सांगता तरी येईल. ताई, हे लिहिताना तुमच्या मनावर किती ओझे असेल हे मी समजू शकतो. पाहुण्यांसमोर मुलीला आतल्या खोलीत बसवावे लागणे, ‘हल्ली दिसत नाही’ या प्रश्नाला दरवेळी नवे उत्तर शोधणे, हे फार थकवणारे असते. पण या आशेत एक धोका आहे. तपासण्या निर्दोष आल्या तर त्या दिवशी तुम्हाला काय वाटेल? मुलीला एक प्राणघातक ठरू शकणारा आजार नाही, याचा आनंद होण्याऐवजी तुमची निराशा होईल, आणि ती निराशा मुलगी तुमच्या चेहऱ्यावर वाचेल. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचे उदाहरण यासाठी आठवते. त्याच्या वेडाच्या झटक्यांमागे पॉर्फिरिया हा चयापचयाचा आनुवंशिक विकार होता, असा सिद्धान्त १९६६ साली आयडा मॅकाल्पाइन आणि रिचर्ड हंटर या मानसोपचारतज्ज्ञ आई-मुलाने मांडला. लोकांनी तो आनंदाने उचलला. राजा वेडा नव्हता, आजारी होता, असे म्हणण्याची सोय झाली. पुढे अभ्यासकांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि त्या सिद्धान्ताला मोठा हादरा बसला. राजाला उन्मादाचा मानसिक आजारच असावा, असे आज अनेक जण मानतात. म्हणजे वारून जवळजवळ दीडशे वर्षे झालेल्या राजासाठीसुद्धा ‘शरीराचे’ कारण शोधण्याचा मोह माणसांना आवरला नाही. तुम्हाला तो आवरणे किती कठीण आहे, हे मी जाणतो. तरी तपासणीला नेण्यापूर्वी मनाशी ठरवून ठेवा की उत्तर काहीही आले तरी ती आजारी मुलगी आहे आणि तिच्या आजाराची कोणाकडेही माफी मागायची नाही.

याच कारणाने शोधाला सीमा घाला. डोळे, रक्त, लघवी, यकृत आणि गरज पडल्यास एमआरआय. एवढ्यावर मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘विल्सन नाही’ असे सांगितले, तर तो प्रश्न मिटवा. थायरॉइड आणि बी१२ या तपासण्या मात्र राहिल्या असतील तर त्याच वेळी करून घ्या. शाकाहारी घरांत बी१२ ची कमतरता विल्सनपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळते, मनावर आणि नसांवर दोन्हीकडे परिणाम करते, आणि स्वस्तात भरून निघते. विरळ्याच्या शोधात नेहमीचे सुटून जाण्याचे प्रकार मी पुष्कळ पाहिले आहेत.

आणि जर विल्सन निघाला? तर तो उपचार असलेल्या मोजक्या आनुवंशिक आजारांपैकी एक आहे. १९५६ साली जॉन वॉल्श या ब्रिटिश डॉक्टरांनी पेनिसिलामाइन हे औषध तांबे लघवीवाटे बाहेर काढते हे दाखवून दिले. त्यानंतर ट्रायएंटिन आणि आतड्यातून तांबे शोषूच न देणारे जस्त अशी औषधे आली. उपचार जन्मभर चालतात, आणि बरे वाटते म्हणून ते थांबवणाऱ्यांचे यकृत अचानक निकामी होऊ शकते. पेनिसिलामाइन सुरू केल्यावर काही रुग्णांची थरथर आधी वाढते, म्हणून ते या आजाराची सवय असलेल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू मात्रा वाढवत घ्यावे लागते. भाच्याने चिठ्ठी लिहून देण्याचे हे औषध नव्हे. मुंबईचा विचार या टप्प्यावर करा. परळचे केईएम हे केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात नेमलेल्या विशेष केंद्रांपैकी एक आहे, आणि अवंतिका एक्स्प्रेसने संध्याकाळी निघून सकाळी पोचता येते, हे इंदूरकरांना मी सांगायला नको. निदान पक्के झाले की तिच्या सर्व सख्ख्या भावंडांचीही तपासणी झाली पाहिजे. तुम्हाला आणखी मुले आहेत की नाहीत हे पत्रात नाही; असल्यास प्रत्येकाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते, मग ते मूल वरून कितीही धडधाकट दिसो. लक्षणे दिसण्याआधी उपचार सुरू झालेली माणसे सहसा निरोगी आयुष्य जगतात.

सासूबाई तिला रोज सकाळी तांब्याच्या भांड्यातले पाणी देत असतील, कारण हल्ली घरोघरी ते चालते. त्या पाण्याने हा आजार होत नाही आणि त्यासाठी त्यांना दोष देऊ नका. निदान झाले तर मात्र तिच्यापुरते ते बंद करावे लागेल; सुकामेवा, चॉकलेट, मशरूम यांवरही सुरुवातीला बंधन येईल. देवघरातले तांब्या-पळी कोणी उचलायला सांगणार नाही.

लग्नाबद्दल थोडक्यात. उपचार घेणाऱ्या विल्सनच्या स्त्रिया संसार करतात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांना निरोगी मुलेही होतात. स्थळ नात्याबाहेरचे असेल तर मुलाला आजार होण्याची शक्यता दोनशेत एकाच्या आसपास असते. नात्यातले असेल तर ती पुष्कळ वाढते, तेव्हा आते-मामेभावंडांतली स्थळे तिच्यासाठी पाहू नका. आजार लपवून लग्न लावण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. जन्मभर गोळ्या घ्याव्या लागणाऱ्या मुलीला त्या लपूनछपून घ्यायला लावणे म्हणजे त्या चुकवायला लावणे, आणि त्याचा परिणाम काय होतो ते मी वर लिहिले आहे.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी आणखी काही चिन्हे सांगून ठेवतो, कारण मानसिक आजाराचे रूप घेणारा विल्सन एकटाच नाही. एखाद्या तरुण स्त्रीला पोटात असह्य कळा, बद्धकोष्ठता, छातीत धडधड, आणि त्या दिवसांतच भ्रम किंवा टोकाची अस्वस्थता असे झटके येत असतील, तर तीव्र पॉर्फिरियाचा विचार व्हावा. हे झटके बऱ्याचदा पाळीच्या आसपास, कडक उपासांनंतर किंवा फेनिटॉइनसारख्या फिटच्या औषधांनी येतात, आणि लघवी उजेडात ठेवली की लालसर किंवा गडद होते. नवरात्रात निर्जळी उपास करून दरवर्षी आजारी पडणाऱ्या सुनेला ‘अंगात येते’ असे म्हणण्याआधी, झटका चालू असतानाच लघवीतील पॉर्फोबिलिनोजेन तपासावे. नमुन्याची बाटली उजेडापासून झाकून न्यावी लागते. लहानपणापासून डाळ, पनीर, दूध नको म्हणणारी, खाल्ले तर उलट्या करणारी स्त्री बाळंतपणानंतर एकाएकी असंबद्ध बोलू लागली, तर बाळंतवेड म्हणून मोकळे होण्यापूर्वी रक्तातील अमोनिया पाहावा. प्रथिनांतील नत्र बाहेर टाकणारी यंत्रणा जन्मतःच अधू असलेल्या स्त्रियांत असे घडते, आणि उन्मादासाठी दिले जाणारे व्हाल्प्रोएट त्यांच्यात धोकादायक ठरते. तो नमुना बर्फात ठेवून ताबडतोब प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. मानसिक आजाराचा रुग्ण जिना उतरताना अडखळत असेल, मान न वाकवता नजर खाली नेऊ शकत नसेल आणि त्याची प्लीहा मोठी असेल, तर नीमन-पिक सी या आनुवंशिक आजाराचा विचार व्हावा. लहानपणी मोतीबिंदू, सततचे जुलाब आणि टाचेमागचा स्नायुबंध जाड होणे, हे एकत्र आढळले तर सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस नावाच्या विकाराचा विचार व्हावा; त्याला औषध आहे. या सर्वांत समान धागा असा की मनाच्या लक्षणांसोबत शरीराचे एखादे चिन्ह असते आणि घरच्यांना ते ठाऊकही असते; ते डॉक्टरांच्या कानावर जात नाही.

एक गोष्ट राहिली. तुमच्या पत्रात सासूबाई बोलतात, यजमान बोलतात, भाचा बोलतो; मुलगी कुठेच बोलत नाही. ती एकवीस वर्षांची आहे आणि रांगोळी टाकून उठून गेली तेव्हा आपल्या हाताला काहीतरी होते आहे हे तिला सर्वांआधी कळले होते. तिच्यापासून लपवून तिचे डोळे आणि रक्त तपासता येणार नाही, आणि ज्या मुलीला लोक आपल्याविषयी मागे बोलतात असे वाटते, तिच्यामागे घरात खरोखरच कुजबुज चालणे हे तर फारच वाईट. तिचे मन शांत असेल अशी दुपार पाहून तिला विचारा की हात कधीपासून ऐकत नाही. तिने काही महिना-वर्ष सांगितले तर तेही वहीत लिहा. मग सांगा की यासाठी एक-दोन तपासण्या असतात आणि आपण त्या करून घेऊ. मधल्या काळात तिची भीती किंवा तुमचीच घालमेल हाताबाहेर गेली तर टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

चोवीस तासांच्या लघवीसाठी प्रयोगशाळेने दिलेलीच बाटली वापरा, घरातले धातूचे भांडे मधे कुठेही येऊ देऊ नका. पहिल्या सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून वेळ मोजायची आणि दुसऱ्या सकाळची पहिली धरून सर्व साठवायची. एकदा जरी सुटली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तिच्या पाळीचे दिवस सोडून तारीख घ्या, आणि शक्यतो कॉलेजला सुट्टी असेल असा दिवस निवडा.